गजा, चिठ्ठी तिथे नव्हती

गजा, तुझ्या तेराव्याच्या जेवणावरून मी आत्ताच परत आले. जेवले नाही. रंजनावहिनींनी मला पानावर बसू दिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. का, ते पुढे लिहीनच. पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. एकोणीस वर्षं आपण रोज भांडलो. तू मेलास म्हणून एकदम तुझी आरती ओवाळायला घेणं मला जमायचं नाही, आणि तुलाही ते आवडलं नसतं.

कंपनीच्या गेटवर तुझा मोठा फोटो लावलाय. खाली कुणीतरी सुरेख अक्षरात लिहिलंय, सात सहकाऱ्यांचे प्राण वाचवणारे वीर गजानन म्हात्रे. शोकसभेत माइक माझ्याच हातात दिला, कारण म्हणे मी तुला सगळ्यांत जास्त ओळखते. मी बोलले. सेकंड शिफ्टची माणसं डोळे पुसत होती. मी बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण सगळं मिळून ते अर्धंच होतं. ती सात माणसं ज्या मैदानाच्या वाटेवर गॅसमध्ये सापडली, तिकडे ती आपल्या दोघांमुळे निघाली होती. हे मी माइकवर सांगितलं नाही.

धाटावच्या आपल्या कंपनीत कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी एकच पाठ देत आले. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत वाऱ्याबरोबर जातो. म्हणून गळती झाली की आधी वारा बघायचा, आणि वारा जिकडून येतो तिकडे माणसं न्यायची. आपल्या आवारात त्यासाठी दोन मैदानं ठरवलेली. एक मावळतीला, गेटजवळ. दुसरं उगवतीला, गोदामामागे. कुठल्या मैदानात जायचं ते कंट्रोल रूममधून माइकवर सांगायचं. कंट्रोल रूमला खिडकी नाही; स्फोट झाला तर आतली माणसं वाचावीत म्हणून ती चारी बाजूंनी बंद. तिथल्या माणसाला वारा कळतो तो फक्त स्क्रीनवर, आणि स्क्रीनला कळतो कॅन्टीनच्या गच्चीवरच्या खांबावरून. खांबावर वेग मोजणाऱ्या तीन वाट्या आणि दिशा दाखवणारं एक काळं शेपूट. शाळेच्या पुस्तकात त्याला वातकुक्कुट म्हणायचे. ते सांभाळायचं काम तुझं; तू त्याचा सरळ कोंबडा केलास, आणि पुढे साहेबसुद्धा कोंबडाच म्हणू लागले.

मी सेफ्टी खात्यात लागले तेव्हा मला त्या खांबावर कुणी चढू देईना. बाई वर चढली आणि पडली तर उत्तर कोण देणार, असं सगळ्यांचं म्हणणं. तू दोन दिवस ऐकून घेतलंस आणि तिसऱ्या दिवशी शिडी लावलीस. मी चढत असताना एका हाताने शिडी धरून तोंड नदीकडे फिरवून उभा राहिलास, मला संकोच वाटू नये म्हणून. वर पोचल्यावर मी खाली ओरडून विचारलं, आता काय करू? तू तोंड न फिरवता म्हणालास, आधी उभी राहा, मग काय ते बघ. त्या कंपनीत मला उभं राहायला शिकवलं ते तू. हे मी शोकसभेत सांगितलं, आणि ते अगदी खरं आहे.

तुझं घर कासू गावाच्या पलीकडे खाडीच्या बांधावर, बापजादे मिठागरातले. वारा कळला नाही तर मीठ पडत नाही, हे तू दिवसातून एकदा तरी ऐकवायचास. आधी मला ते बढाईच वाटायचं. मग एका वर्षी भाद्रपदाच्या आधीचा तो दिवस आला. आमच्या जोहे गावच्या गणपतीच्या कारखान्यात चाळीसेक कच्च्या मूर्ती अंगणात वाळत घातल्या होत्या, ऊन लख्ख पडलेलं. तू कंपनीतून माझ्या आईला फोन केलास, वारा खाडीवरून फिरलाय, मूर्ती आत घ्या. आईने आकाशाकडे बघितलं, तुला वेडा ठरवलं आणि तरीही मूर्ती आत घेतल्या. अर्ध्या तासात सर आली. त्या दिवसापासून आमच्या घरात तुझा शब्द पंचांगाच्या वर गेला. मी तुझ्यावर विश्वास का टाकला याचं उत्तर हे आहे. मूर्ती वाचल्या त्याच दिवशी आपण बिघडायला लागलो असं आता वाटतं, पण तेव्हा मी तुझ्यासाठी उकडीचे मोदक घेऊन आले होते.

आता त्या माळेकडे येते. तिचा विषय काढल्याशिवाय मला राहवणार नाही.

खंडेनवमीला कंपनीत सगळ्यांची पूजा होते. पंप, मोटारी, फोर्कलिफ्ट, पॅनेल, झाडू मारायच्या यंत्रालासुद्धा हळदकुंकू. तू दरवर्षी कोंबड्याला झेंडूची माळ घालायचास. मी दरवर्षी सांगायची, फिरत्या वस्तूला दोरा बांधू नको. तू दरवर्षी म्हणायचास, वर्षभर तो आपल्याला वारा सांगतो, त्याला एक दिवस माळ नको? आणि दसऱ्याच्या सकाळी वर चढून ती काढायचास, हेही खरं. या वर्षी नवमीला तुझ्या आईला ताप भरला आणि तू चार दिवस आला नाहीस. चार दिवस कोंबडा फिरत राहिला, फुलं वाळून पडली आणि नायलॉनचा दोरा त्याच्या मानेत गुंडाळला गेला. तू आलास तेव्हा तो ताठ झालेला. दोरा कापलास, पण आतल्या बेअरिंगमध्ये गेलेला तुकडा काही निघाला नाही. जोराचा वारा असला तर कोंबडा रडतखडत फिरायचा, नाहीतर असेल तिथे खिळून बसायचा. आणि वाट्या मात्र मजेत फिरत होत्या. स्क्रीनवर वेगाचा आकडा हलायचा, म्हणून दिशाही जिवंत वाटायची.

तू चूक लपवली नाहीस, हेही लिहिते. माझ्यासमोर आलास आणि म्हणालास, माळेनं घात केला. नवीन बेअरिंगची मागणी केलीस. ते बाहेरून यायचं, वेळ लागणार होता. तोवर तू स्क्रीनच्या कोपऱ्यावर चिठ्ठी चिकटवलीस: ‘कोंबडा अडकलाय. वारा म्हात्रेला विचारा.’ खाली तुझा फोन नंबर. आणि वाऱ्याच्या नोंदवहीत दर शिफ्टला तू स्वतः दिशा लिहू लागलास, गच्चीवर जाऊन, अंगावर वारा घेऊन. खाली सही माझी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा गेटवर जाऊन ताडून बघितलं. गेटवर वाऱ्याची कापडी पिशवी आहे, ती कधी खोटं बोलत नाही. दोन्ही वेळा तू बरोबर होतास. मग मी बघायचं सोडलं.

तुलाही मग मजा यायला लागली. खोटं बोलू नको, आता तरी. सगळी कंपनी तुला वारा विचारत होती. मॅनेजर फोन करून विचारायचा, म्हात्रे, आज कसं काय? तू घरी असलास तरी सांगायचास, भाकरी मोडता मोडता. मी म्हणायची, उंटावरून शेळ्या हाकू नको. तू हसायचास. मग तू दुसऱ्या दिवसाचाही वारा आजच लिहू लागलास. हिवाळ्यात काय, सकाळी डोंगराकडून येतो, दुपारी खाडीकडून. ते तर मीही लिहिलं असतं. बेअरिंगची आठवण तू दोनदा केलीस, तिसऱ्यांदा केली नाहीस. तू चुकला असतास तर आठ दिवसांत बेअरिंग आलं असतं. तू रोज बरोबर निघालास म्हणून ते कधीच आलं नाही.

आपलं शेवटचं भांडण कॅन्टीनमध्ये झालं. दुसऱ्या दिवसापासून तू भाचीच्या लग्नासाठी नऊ दिवसांच्या रजेवर जाणार होतास, आणि नोंदवहीत परत यायच्या दिवसासकट दहा दिवसांचा वारा आधीच लिहून टाकला होतास. तीस रकाने, एकाच पेनने. मी वही तुझ्यासमोर आपटली. म्हटलं, यावर मी सही करणार नाही, आधी बेअरिंगची तिसरी मागणी लिही. तू सगळ्यांकडे बघत म्हणालास, “बेअरिंग कशाला व्होवा? मी हाय ना.” मी म्हटलं, तुझ्यापेक्षा यंत्र बरं, ते रजेवर जात नाही. तेव्हा तू ते वाक्य बोललास.

“निमाबायला कुठला वारा कलतो? पंख्याचा.”

सगळं कॅन्टीन हसलं. जेवण वाढणाऱ्या बायका हसल्या, साहेब हसले. एकोणीस वर्षांपूर्वी मला शिडी धरून वर चढवणारा माणूस मला खाली ओढून हसत होता. मीही हसले आणि सही केली. हसले याचा अजून राग येतो, पण सही केली याचा त्याहून जास्त.

आता पुढचं, जे तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरून तपासणी करणारे पाहुणे येणार होते. मॅनेजरने सांगितलं, हाताने लिहिलेले कागद कुठे चिकटवलेले दिसू नयेत. मी कंट्रोल रूममध्ये गेले आणि तुझी चिठ्ठी काढली. सगळ्यांना सांगायला ते कारण पुरेसं होतं. पण खरं कारण तुला सांगते. ‘वारा म्हात्रेला विचारा’ ही अक्षरं मला बघवत नव्हती. म्हटलं, नऊ दिवस नाही विचारला म्हात्रेला वारा, तर काय आभाळ कोसळणार आहे का. घडी घातली आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकली. पाहुणे चहा पिऊन गेले. चिठ्ठी परत लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, किंवा आलं आणि मी ते बाजूला सारलं. मला आता यातलं नक्की काय ते सांगता येत नाही.

चार दिवसांनी दळवी आले. दुसऱ्या प्लांटवरून कंट्रोल रूममध्ये बदलून आलेले, पन्नाशीचे, शांत. त्यांना सगळं आवार मीच फिरवून दाखवलं. दोन्ही मैदानं दाखवली, माइक दाखवला, आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हटलं, इथे वारा दिसतो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्या त्या वहीत माझं वाक्य तसंच्या तसं आहे. पुढे चौकशीच्या साहेबांनी ते मला वाचून दाखवलं.

त्यानंतर पाच दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, शिफ्ट बदलता बदलता, क्लोरीनच्या पाइपाचा जोड सुटला. कोंबडा सकाळपासून उगवतीकडे तोंड करून खिळलेला. दळवींनी स्क्रीन बघितली, वारा उगवतीकडून. शिकवल्याप्रमाणे त्यांनी माइकवर सांगितलं, सगळ्यांनी गोदामामागच्या मैदानात जा. खरा वारा मावळतीकडून होता आणि गॅस त्याच मैदानाकडे निघाला होता. मी गेटजवळच्या ऑफिसात होते. माइकवरचं ऐकलं आणि मला सगळं एकदम कळलं, खणातल्या त्या घडीसकट. मी कंट्रोल रूमला फोन लावला. लाइन लागत नव्हती. मी पुन्हा लावला. मी फोनच लावत बसले, गजा. काचेतून मला तू दिसलास. बसमधून उतरून, लग्नाचा नवा शर्ट घालून, रजेवरून पहिल्या दिवशी कामावर येणारा.

लोक आता म्हणतात, म्हात्रेला अंगाला वारा कळला. काही अंगाला कळलं नाही तुला. गेटवर पिशवी फडफडत होती, बघितली असती तर कुणालाही कळलं असतं. पण इतर कुणी बघितलं नाही आणि तू बघितलंस, एवढं तुझं. आणि पळालास. गेटजवळच्या कपाटात तोंडाला लावायचे मास्क होते, वर माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं. मास्क कसा घालायचा त्या प्रशिक्षणाला तू एकोणीस वेळा सही केलीस. कपाट उघडायला किती वेळ लागतो, मूर्खा? सगळ्यांत पुढची सात माणसं तोंडाला रुमाल लावून उगवतीला चालली होती. तू ओरडत गेलास, एकेकाची कॉलर धरून त्यांना मागे वळवलंस, शेवटच्याला तर लाथ घातलीस म्हणे. ती सातही घरी आहेत. खोकतात, पण जेवतात. तू दवाखान्यात चार दिवस स्वतःच्याच छातीत बुडत गेलास.

त्या दिवसाच्या दुपारच्या रकान्यात तू दहा दिवसांपूर्वी काय लिहिलं होतंस, ते मी वहीत बघितलं. ‘मावळतीकडून.’ अगदी बरोबर. खाली माझी सही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. वहिनी दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. तुझा चेहरा सुजलेला, तोंडावर तो मास्क. तू तो हाताने बाजूला केलास. मला वाटलं, आता हा काहीतरी शेवटचं बोलेल, घरच्यांचं बघ म्हणेल. तू विचारलंस, “चिठ्ठी होती ना गो तिथं?”

मी म्हटलं, “होती.”

तू श्वास घेत राहिलास. मग म्हणालास, मग त्यानं वाचली नाय? मी नुसती मान हलवली. नाही म्हणायलाही मला तोंड उघडावं लागलं नाही. तुझे डोळे मिटले. मला वाटलं, सुटले. पण तू परत डोळे उघडलेस आणि विचारलंस, त्याला पोरंबालं हायत? मी म्हटलं, दोन मुली.

मग तू जो शाप दिलास तो मी अक्षरशः लिहिते, कारण तो आता तुझ्या गावात सगळ्यांना पाठ आहे. “माझा जसा कोंडला तसा त्याच्या पोरींचा श्वास कोंडंल. एकीचा नाय, दोघींचा.” नर्स धावत आली, तुझ्या तोंडावर परत मास्क लावला, मला बाहेर काढलं. दाराशी वहिनींनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तू गेलास. तुझे शेवटचे शब्द तेच.

मी तुला खरं का सांगितलं नाही? मरणाऱ्याला त्रास नको म्हणून, असं मी पहिले दोन दिवस स्वतःला सांगितलं. छान वाटत होतं ते. पण तू जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं असतंस ती नजर मला नको होती, एवढंच त्यामागे होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कळायचं वय कधीच उलटून गेलेलं, तरी मी झाकलं.

दहाव्याला खाडीवर सगळे जमलो. पिंड ठेवला. कावळे समोर बाभळीवर बसलेले, एकही खाली येईना. तुझ्या भावाने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळतो. नाही आला. रंजनावहिनींनी सांगितलं, मुलीचं शिक्षण पुरं करते. नाही आला. ऊन चढलं, बायका कुजबुजू लागल्या. तेवढ्यात लांब रस्त्यावर दळवी दिसले. मोटारसायकल बाजूला लावून, चपला काढून, जवळ यायचं धाडस न होता उभे. त्यांना कामावरून बंद केलेलं, गावात नाव बद्दू झालेलं. बायकांनी त्यांना बघितलं आणि जे तोंडाला आलं ते बोलल्या. तुझ्या चुलतीने मूठभर वाळू उचलून त्यांच्या दिशेने फेकली. ते मान खाली घालून गेले. आणि तुझ्या भावाने पिंडाकडे वळून मोठ्याने सांगितलं, गजा, त्या दळव्याला सोडनार नाय, त्याला तुरुंगात घातल्याबिगर राहनार नाय. त्याच क्षणी कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बायका रडल्या, गजाला हेच हवं होतं म्हणाल्या. मी तिथेच उभी होते, गजा, वहिनींच्या हाताला धरून. चिठ्ठी माझ्या खणात होती.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीच्या साहेबांसमोर बसले. त्याआधी मॅनेजरने मला आत बोलावून घेतलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. माळ म्हात्रेची, वही म्हात्रेची, चिठ्ठीबद्दल कुणी विचारलंच तर आपल्याला माहीत नाही म्हणायचं. म्हात्रेला आता काय फरक पडतो, आणि दळवी तर कालचाच माणूस. मी त्याला विचारलं, मग तुम्ही गेटवर फोटो कशाला लावलात? तो म्हणाला, ते वेगळं. मी आत जाऊन सगळं सांगितलं. माळ तुझी. तीस रकाने तुझे. सही माझी. चिठ्ठी मी काढली, आणि दळवींना स्क्रीनवर बोट ठेवून खोटं शिकवलं तेही मी. चिठ्ठी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, ही काढण्यामागे कारण? मी म्हटलं, राग. त्यांनी मान वर करून बघितलं. मी म्हटलं, असंच लिहा. दळवी सुटतील असं वाटतं. मला संध्याकाळी घरी बसायचं पत्र मिळालं. तुझा फोटो अजून गेटवर आहे.

मला वाटलं होतं, झालं. खरं बोलले म्हणजे फिटलं. सत्य सांगणाऱ्याला एक गुर्मी येते, ती घेऊन मी आज तुझ्या घरी गेले. पंगत बसायच्या आधी वहिनींना मागच्या पडवीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्या माझ्यावर हात उचलतील असं वाटलं होतं. उचलला असता तर बरं झालं असतं. त्या ओट्यावर टेकल्या आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. आत पानं मांडल्याचा आवाज येत होता. मग त्या हळू आवाजात बोलल्या, समजूत घालावी तशा.

“माळ त्यानं घातली, त्याचं तो भोगून गेला. चिठ्ठी तू काढलीस, तुझं तू भोगशील. त्या साहेबाला खरं सांगितलंस तं कागद बदलंल. पन माझा मानूस जाताना बिनगुन्ह्याच्या पोरींना शाप देवून गेला. तो असा नव्हता गो. त्याला तू खरं बोलली असतीस तं त्यानं तुला शिव्या घातल्या असत्या नि मोकला होऊन गेला असता. ते पाप तू त्याच्या माथ्यावर बांधून धाडलास. आता तो शाप मागं कोनी घेवाचा? देनारा तं गेला.”

त्यांनी मला मागच्याच दाराने जायला सांगितलं, माणसं जेवायला बसतायत, त्यांच्यासमोर नको म्हणाल्या. मी बांधावरून चालत रस्त्याला आले. दळवींची मोठी मुलगी परवापासून तापाने आजारी आहे, हे मला बसमध्ये कळलं. साधा ताप असेल. या दिवसांत सगळ्यांनाच येतो. पण बसमधली बाई ते सांगताना नुसता ताप म्हणाली नाही, म्हात्रेचा ताप म्हणाली.

म्हणून हे लिहायला बसले. साहेबांना सांगितलं, वहिनींना सांगितलं, आता ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगते. गजा, चिठ्ठी तिथे नव्हती. मी काढली होती. दळवींनी काही वाचायचं सोडलं नाही, तिथे वाचायला काही नव्हतंच. त्या मुली थोरली चौदाची, धाकटी अकराची. त्यांनी तुझं काही केलेलं नाही. शाप मागे घे.

मागे घे आणि मला दे, असं पुढचं वाक्य हवं. ते मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. माझ्याही घरात मुलगी आहे, गजा.